कॉम्प्युटर लॅब नसली तरी वाचनालयाचा तास आहेच की
"लॅबच नाही, तर आयएसटीईची मानकं खानापूरच्या शाळेत काय कामाची?" असं एका सरांनी विचारलंय. आयएसटीई म्हणजे शिक्षणात तंत्रज्ञान कसं वापरावं हे सांगणारी आंतरराष्ट्रीय संस्था. पण तिच्या २०१६च्या त्या सात विद्यार्थी-मानकांत यंत्रांची यादी नाहीच. माहिती पारखून घेणं मात्र आहे. वाचनालयाच्या तासाला आठवीला विचारा, मलप्रभा कुठं उगम पावते? एका गटाला भूगोलाचं पुस्तक, दुसऱ्याला बाईंच्या मोबाईलवर मराठी विश्वकोश, तिसऱ्याला विकिपीडिया. उगमाचं गाव कणकुंबी सगळीकडे सापडतंय का, लिहिलंय कुणी, संदर्भ दिलाय का, हे वहीत रकाने आखून उतरवायचं. पोरं भांडतील, भांडू देत! विज्ञानाच्या सरांनीही तेच रकाने वापरले तर ग्रंथपालाच्या (असलाच तर) कामाला अर्थ. दीक्षा या सरकारी शिक्षण-ॲपवरचा व्हिडिओ नुसता लावून देणं या पारखण्यात मोडत नाही.