कोकणातल्या पावसात टिकणारे सोलर दिवे: अंगणासाठी आणि आगरासाठी काय घ्यावं?

आगरातली (१७ एप्रिल)

नमस्कार. आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. घरात आई एकटी, वय ७६. मी ठाण्याला असते, महिन्या-दीड महिन्यानं फेरी होते. पुढे खळं, मागे नारळ-सुपारीचं आगर. मागच्या दारापासून न्हाणी-संडास पंचवीस पावलांवर, आणि तिथून चिऱ्याची पाखाडी खाली विहिरीकडे उतरते.

आई पहाटे चारला उठते. पावसाळ्यात लाईट जाणं नेहमीचंच. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा तर कित्येक दिवस कंदिलावर काढले. तेव्हापासून मी सोलर दिव्यांच्या मागे लागले आहे. मला शोभेचे दिवे नकोत. गेल्या वर्षी न्हाणीच्या दगडापाशीच फुरसं निघालं. आई म्हणते, मी बॅटरी घेऊन जाते. पण एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात काठी असली की बॅटरी धरणार कशात?

आतापर्यंत तीन वेळा दिवे घेतले. पहिले दहा, प्लास्टिकचे, मातीत खोचायचे. श्रावण संपायच्या आत सगळे बंद. दुसरे स्टीलचे म्हणून घेतले, दिवाळीपर्यंत गंजाचे डाग चिऱ्यावर उतरले. तिसरे भिंतीवर लावायचे, माणूस आला की उजळणारे, असे सहा. त्यातले दोनच चालू आहेत, एक फाटकाच्या खांबावर आणि एक गोठ्याच्या पत्र्यापाशी. न्हाणीच्या वाटेवरचे चारही गेले, म्हणजे जिथे गरज होती तिथलेच.

सगळ्या खोक्यांवर वॉटरप्रूफ लिहिलेलं असतं. घेताना नेमकं काय बघायचं? आठ-दहा हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे, पण पुन्हा पुन्हा नाही. मृग लागायच्या आत लावून व्हायला हवेत.

गच्चीवरची बाग (१७ एप्रिल)

आमच्याकडे पुण्यात गच्चीवर अगदी साधे खोचायचे दिवे चार वर्षं चालले आहेत. आतला डबल-ए मापाचा १.२ व्होल्टचा सेल मी दर दीड-दोन वर्षांनी बदलतो, चांगल्या कंपनीचा निकेल मेटल हायड्राइड घालतो. दिवा फेकू नका, सेल बदला. फक्त रिमोटमध्ये घालतो तो साधा सेल चुकूनही घालू नका, तो चार्ज करायचा नसतो, फुटून गळतो.

जुना वायरमन (१८ एप्रिल)

वरचा सल्ला पुण्याच्या गच्चीसाठी बरोबर आहे. तिथे दिवसभर ऊन आणि पाऊस बेताचा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्यात खारा वारा. हिशोब वेगळा होतो.

मी गुहागरकडचा. तीस वर्षं वायरिंग केलं, आता घरी बसून दुरुस्तीची कामं करतो. ताई, नवीन काही घेऊ नका. आधी मेलेले चारही दिवे उघडा आणि तीन गोष्टी सांगा. सेलवर काय लिहिलंय, पॅनेलचं माप किती, आणि गंज कुठे आहे. जमलं तर सेलचं वजनही करा.

आगरातली (२६ एप्रिल)

काका, शनिवारी गावी जाऊन उघडले. चारपैकी तीन दिव्यांत पाणी होतं, एकात तर मुंग्यांनी अंडी घातलेली. गंज मुख्यतः बटणाच्या आणि सेलच्या पट्टीवर, हिरवट-पांढरा थर. सेलवर १८६५०, ३.७ व्होल्ट, ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते तो आकडा) असं छापलंय. स्वयंपाकघरातल्या काट्यावर भरला २९ ग्रॅम. पॅनेल १० बाय १५ सेंटिमीटर. खोक्यावर मात्र १०० वॉट आहे. चौथ्यात पाणी नव्हतं, तरी तो बंदच. चारही दिवे सुपारीच्या सावलीत होते, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

जुना वायरमन (२७ एप्रिल)

छान पाहिलंत. आता एकेक सांगतो.

सेल: १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. या मापात खरा सेल साडेतीन हजार, फार तर चार हजार एमएएचच्या आसपास थांबतो, आणि वजन ४५ ग्रॅमच्या जवळ असतं. ९९०० हा आकडा खोटा. २९ ग्रॅम म्हणजे आत माल कमी भरलेला.

पॅनेल: भर दुपारचं स्वच्छ ऊन एका चौरस मीटरवर साधारण १००० वॉट पडतं. चांगलं मोनो पॅनेल त्यातलं वीसेक टक्के पकडतं. तुमचं १० बाय १५ चं पॅनेल म्हणजे चौरस मीटरचा दीड टक्का. जास्तीत जास्त ३ वॉट. हा हिशोब दुकानात उभ्या-उभ्या करता येतो. पॅनेलची लांबी-रुंदी विचारा आणि खोक्यावरचा आकडा विसरा.

सावली: जो दिवा कोरडा असून मेला त्याचं कारण हेच. सुपारीखाली सेल कधी पुरता भरलाच नाही. रोज थोडा भरायचा, रात्री तळाला जायचा. सेल आठवड्यामागून आठवडे रिकामा राहिला की मरतो. फाटकावरचा आणि गोठ्यावरचा दिवा वाचला, कारण त्यांच्या डोक्यावर आभाळ आहे.

आणि पाणी. हे नीट समजून घ्या, कारण वॉटरप्रूफ लिहिलेले दिवेही यानंच मरतात. दिवसा उन्हानं दिव्यातली हवा तापून फुगते आणि फटींतून बाहेर जाते. मग एकदम सर येते, डबी थंड होते, आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी रबराच्या कडेनं आत ओढलं जातं. रोज थेंब थेंब. खोक्यावर आयपी ६५ असा आकडा असतो, धूळ-पाण्यापासून किती बचाव ते सांगणारा. त्यातला ६ धुळीचा आणि ५ पाण्याच्या फवाऱ्याचा. ती परीक्षा काही मिनिटांची असते, चार महिन्यांची नाही. आयपी ४४ तर आपल्याकडे पडवीच्या आतच लावावा.

म्हणून माझं मत सांगतो. पॅनेल, सेल आणि दिवा एकाच डबीत असलेली वस्तू आपल्या किनाऱ्यावर घेऊच नये. पॅनेलला ऊन हवं, सेलला कोरडी सावली हवी, आणि दिवा तर तुम्हाला अंधाऱ्या ओल्या जागी हवा. तिघांची तोंडं तीन दिशांना. तिघांना वेगळं करा. पॅनेल वर उन्हात, बॅटरी घरात, आगरात फक्त दिवे आणि बारा व्होल्टची तार. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही, आईंनाही भीती नाही.

तुमच्यासाठी हिशोब: सहा दिवे, प्रत्येकी १ वॉट, रात्रीचे ११ तास, म्हणजे ६६ वॉट-तास. १२.८ व्होल्ट १८ अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या. तिच्यात २३० वॉट-तास मावतात, म्हणजे ऊन नसताना तीन रात्री. ही बॅटरी उष्णता सोसते आणि नीट वापरली तर दोन हजार वेळा भरता येते. पॅनेल ५० वॉटचं, वर काच असलेलंच. प्लास्टिकचा थर दिलेली पॅनेलं पिवळी पडतात. जुलैत आपल्याकडे ऊन मेच्या निम्म्यावर येतं, तरी ५० वॉटचं पॅनेल दिवसाला शंभरेक वॉट-तास देईल.

पॅनेल न्हाणीच्या स्लॅबवर दक्षिणेला तोंड करून बसवा. वीसेक अंशांचा उतार ठेवा, म्हणजे पावसानं आपोआप धुतलं जाईल. जागा मेमध्ये बघून ठरवू नका. आत्ता सूर्य डोक्यावर आहे. डिसेंबरात तुमच्याकडे भर दुपारीही तो जेमतेम ४९ अंश चढतो, तेव्हा दक्षिणेकडच्या माडाची सावली कुठवर येईल ते आईंना विचारा, त्यांना बरोबर माहीत असेल. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर झावळीची सावली पडली तरी वीज बरीच उतरते.

कंट्रोलर, म्हणजे पॅनेल, बॅटरी आणि दिवे यांच्या मधली डबी, संध्याकाळी दिवे लावणारा, पहाटे विझवणारा घ्या आणि त्यात बॅटरीचा प्रकार लिथियम फॉस्फेट असा निवडा. शिशाच्या बॅटरीवर ठेवू नका. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. बॅटरीच्या तोंडाशी ५ अँपिअरचा फ्यूज हवाच, तो विसरू नका. तार दीड चौरस मिलिमीटर तांब्याची, पाइपातून, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेनं. मातीत पुरलीत तर घुशी कुरतडतील.

दिवे पॉलिकार्बोनेटचे घ्या, स्टीलचा मोह नको. गुडघ्याच्या खाली, वाटेकडे उजेड टाकणारे. वरून पडणारा उजेड सगळं सपाट दाखवतो. बाजूनं, खालून आला की पाचोळ्यातल्या फुरशाचीही सावली लांब पडते आणि ते दिसतं. तार दिव्यात खालूनच न्या आणि आधी तिला एक वळसा खाली सोडा, म्हणजे ओघळणारं पाणी वळशावरून टपकेल, आत शिरणार नाही. जोडांवर पेट्रोलियम जेली लावा.

वाळूतली पावलं (२८ एप्रिल)

ताई, मीही तुमच्याच पट्ट्यातली, दरवर्षी कासवांच्या घरट्यांच्या कामाला जाते. दिव्यांचा रंग ठरवायच्या आधी एक विनंती. आपल्या किनाऱ्यावर, मंडणगडात वेळासला आणि दापोलीत आंजर्ले-केळशीला, ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. पिल्लं बहुधा संध्याकाळी किंवा रात्री वाळूतून वर येतात आणि जिकडे क्षितिज उजळ दिसतं तिकडे धावतात. समुद्र उजळ असतो म्हणून ती पाण्यात पोचतात. मागे जमिनीवर पांढरा झोत असला तर उलटी फिरतात. सकाळी ती कोरडी पडलेली पाहिली आहेत मी, ते विसरता येत नाही.

तुमचं घर आत आहे, मध्ये आगर आहे, तरीही पिवळसर, ३००० केल्विन (हा उजेडाच्या रंगाचा आकडा, कमी तितका पिवळा) किंवा त्याखालचे दिवे घ्या आणि समुद्राच्या बाजूला आडोसा ठेवा. तुम्हालाही त्याचा फायदाच आहे. पहिल्या पावसात पंख फुटलेली वाळवी पांढऱ्या उजेडावर जास्त तुटून पडते. मग बेडूक येतात, आणि बेडकांमागे साप. विहिरीच्या बाजूला रात्रभर उजेड नको, तिथे बटण ठेवा. मेअखेरीस काजवे येतात, त्यांना जोडीदार शोधायला अंधारच लागतो.

आगरातली (३० एप्रिल)

दोघांचे मनापासून आभार. काजव्यांचं आईला सांगितलं तर म्हणाली, विहिरीकडे बटणच लाव, तिथल्या करवंदीच्या जाळीवर ते बसतात. माडाच्या सावलीचंही तिनं हातानं दाखवलं: डिसेंबरात न्हाणीच्या स्लॅबच्या पश्चिम कोपऱ्यापर्यंत येते. पॅनेल पूर्वेच्या कडेला घेणार आहे.

आगरातली (५ ऑक्टोबर)

पाऊसभर थांबून लिहिते आहे. मे महिन्यात गावातल्या मुलाला हाताशी घेऊन सगळं बसवलं. मजुरी धरून नऊ हजार चारशे झाले. बॅटरी माजघरातल्या फळीवर, वाटेवर चार दिवे, पाखाडीला दोन बटणावर.

पूर्ण पावसाळ्यात एकदाच अंधार झाला. ऑगस्टमध्ये सलग पाच दिवस आभाळ फाटल्यासारखं कोसळत होतं, पाचव्या दिवशी पहाटे तीनच्या सुमारास दिवे विझले. आईनं फोनवर सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नव्हती, "चार रात्री पुरले" असं म्हणाली. दुसऱ्या दिवशी दोन तास उघडीप मिळाली आणि संध्याकाळी परत लागले. जुलैत पॅनेलवर शेवाळाचा पातळ हिरवा थर आला होता. आता शेजारची मुलगी पंधरा दिवसांनी ओल्या फडक्यानं पुसते.

सप्टेंबरात एकदा पहाटे वाटेवर फुरसं होतं. आईला ते चार पावलं आधी दिसलं. ती दारातच थांबली, ते गडग्यात गेल्यावर पुढे गेली. हे सांगायला मी आज मुद्दाम लॉगिन केलं.

एक विचारायचं आहे. पाखाडीच्या खालच्या दिव्यात काचेला आतून बाष्प धरलंय. उघडून सिलिकॉननं पक्का बंद करू का?

जुना वायरमन (५ ऑक्टोबर)

करू नका, बंद केलात तर आतलं पाणी आतच राहील. उन्हाच्या दिवशी उघडून सुकवा आणि सगळ्यात खालच्या बाजूला ३ मिलिमीटरचं भोक पाडा, त्याला मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा आतून चिकटवा म्हणजे मुंग्या जाणार नाहीत. हवा तिथून येईल-जाईल, पाणी साचणार नाही. आणि पाच दिवसांच्या पावसासाठी कंट्रोलरमध्ये रात्री अकरा ते साडेतीन दिवे अर्ध्यावर आणायची सोय आहे का बघा. त्यावर मॉडेल लिहिलं असेल, फोटो टाका, सेटिंग सांगतो.