मदत हवी आहे : गोळ्या गिळता येत नाहीत (नाशिक, सिडको-इंदिरानगर)

नमस्कार मंडळी. सासऱ्यांना हल्ली गोळी गिळताना ठसका लागतो. सासूबाई सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून मधातून चाटवतात. साखरेचा थर असलेली गुलाबी गोळी कुटली की आतला कडूजहर पांढरा भुगा निघतो, मग आजोबा रुसतात. पण कडूपणाचं सोडा, मला काळजी वेगळीच आहे. पॅन्टोप्राझोलच्या (ॲसिडिटीची गोळी) पट्टीवर 'गॅस्ट्रो-रेझिस्टंट' छापलंय, म्हणजे तो थर पोटातल्या आम्लापासून औषध वाचवायला असतो. मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) 'एसआर' आहे, ती हळूहळू विरघळणारी. कुटली तर सगळा डोस एकदम अंगात जाणार. या दोन्ही कुटणं मी थांबवायला लावलंय. डॉक्टर गावाला गेलेत, सोमवारी भेटतील. मेडिकलवाल्याला विचारलं तर म्हणाला, "काही होत नाही हो ताई." पटलं नाही.

कुणाच्या घरी असं वय झालेलं माणूस आहे का? पातळ औषध किंवा पाण्यात विरघळणारी गोळी मागितली तर डॉक्टर बदलून देतात का? आणि सिडको, इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याजवळ पट्ट्या हातात घेऊन नीट समजावून सांगणारा फार्मासिस्ट माहीत असेल तर दुकान सांगा. घरगुती उपाय नकोत, प्लीज. ते सासूबाईंकडे भरपूर आहेत.