लिंकन यांच्या तारा आणि त्यांचे सेनापती

जुनी पाने:
काल येथे कोणीतरी ठामपणे लिहिले की, वॉशिंग्टनमध्ये बसून अब्राहम लिंकन सेनापतींना तारांवर तारा पाठवत राहिले नसते, तर अमेरिकेचे उत्तर-दक्षिण यादवी युद्ध १८६२ मध्येच संपले असते. हे वाक्य मला रात्रभर टोचत राहिले, म्हणून सविस्तर उत्तर देतो. व्हाइट हाउसमध्ये तारयंत्र नव्हतेच. लिंकन शेजारच्या युद्धखात्याच्या इमारतीत चालत जात, तारघरातला खण उघडत, आलेल्या तारांच्या प्रती वरून खाली वाचत जात आणि आधी वाचलेली प्रत हाती लागली की थांबत. त्यांनी पाठवलेल्या कित्येक तारा म्हणजे साधे प्रश्न आहेत. अँटीटमच्या लढाईला महिना उलटून गेला तरी लिंकन यांच्या म्हणजे उत्तरेच्या फौजेचे सेनापती मॅक्लेलन जागचे हलेनात आणि घोडे थकले, त्यांच्या जिभा सोलवटल्या, असे कळवू लागले, तेव्हा लिंकन यांनी विचारले की, अँटीटमनंतर या घोड्यांनी थकण्यासारखे केले तरी काय? याला लुडबूड म्हणायचे असेल, तर निवडून आलेल्या माणसाने फौजेला जाब विचारायचा तरी कसा?

निवृत्त सुभेदार:
घोड्यांची तार सर्वांना पाठ असते, २४ मे १८६२ च्या तारा मात्र कोणी काढत नाही. त्या दिवशी लिंकनने दक्षिणेच्या राजधानीकडे, रिचमंडकडे, निघण्याच्या तयारीत असलेल्या सेनापती मॅकडॉवेलला वीस हजार माणसे दक्षिणेच्या जॅक्सनला कोंडण्यासाठी शेनान्डोआच्या खोऱ्याकडे वळवायला लावली, आणि हा आमच्यावर जबर आघात आहे, असे मॅकडॉवेलने कळवले. दुसरा सेनापती फ्रेमाँट, त्याला त्याच खोऱ्यातील हॅरिसनबर्गला जाण्याचा हुकूम होता. रस्ते आणि रसद पाहून तो मूरफील्डला गेला, तर तीनच दिवसांत ‘याचा अर्थ काय?’ अशी तार आली. जॅक्सन या चिमट्यातून निसटलाच, वर ८ आणि ९ जूनला उलटून तडाखेही देऊन गेला. मी डोंगरातल्या चौकीवर असताना नकाशावर बोटभर दिसणारे अंतर दोन तासांत कापण्याचा हुकूम बिनतारी संचावर आला होता. मधली बर्फाने भरलेली घळ हुकूम देणाऱ्याला दिसत नव्हती. आमच्या एका जवानाच्या पायाची बोटे त्या रात्री गेली.

तारमास्तरांची लेक:
माझे वडील तारमास्तर होते. शेजारच्या घरातील मृत्यूची तार आली तरी ती पाकिटात बंद होऊन शिपायाच्या हाती जाईपर्यंत ते आईलाही काही सांगत नसत. म्हणून मला या चर्चेत २८ जून १८६२ ची तार सर्वांत महत्त्वाची वाटते. रिचमंडपासून मागे हटताना मॅक्लेलन यांनी युद्धमंत्री स्टँटन यांना कळवले की, ही फौज मी वाचवली तर त्यात तुमचे किंवा वॉशिंग्टनमधील कोणाचेही उपकार नाहीत, तुम्ही तिचा बळी देण्याची पराकाष्ठा केली आहे. लष्करी तारांवर देखरेख करणारे कर्नल सॅनफर्ड यांनी ही वाक्ये परस्पर गाळली. सेनापतीचा शब्द बदलण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला होता?

पुण्याचा वकील:
ताई, ती वाक्ये तशीच पोहोचली असती, तर ऐन माघारीत सेनापती बदलावा लागला असता. सॅनफर्ड यांनी फौज वाचवली.

तारमास्तरांची लेक:
तुमच्या अशिलाच्या पत्रातील दोन ओळी टपालखात्याने त्याच्या हितासाठी खोडल्या, तर तुम्ही असेच बोलाल का? आणि यंत्रावर बसणाऱ्या साध्या तारवाल्यांचे नाव येथे कोणी घेतलेलेही नाही. ते आघाडीवर तारा ओढत होते, गोळ्या खात होते, पण मुलकी नोकर म्हणून त्यांना सैनिक मानले गेले नाही. १८९७ मध्ये मानपत्रे मिळाली, निवृत्तिवेतन नाहीच. वडिलांच्या निवृत्तिवेतनाच्या फायलीमागे मी चार वर्षे फिरले आहे, त्यामुळे हा विषय मला गौण वाटत नाही.

निवृत्त सुभेदार:
आपल्या दुःखाचा आदर आहे, परंतु प्रश्न लिंकनचा आहे, कृपया तेथेच राहू या.

जुनी पाने:
सुभेदार, मे महिन्याच्या तारा चुकल्या, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. पण ११ मार्चला मॅक्लेलन यांच्याकडून सरसेनापतिपद काढल्यानंतर जुलैत हॅलेक यांची नेमणूक होईपर्यंत त्या जागी कोणीच नव्हते. लिंकन आणि स्टँटन यांनी तो भार उचलला नसता, तर तीन वेगळ्या फौजांना एकत्र कोणी हलवले असते? योग्य माणूस मिळाल्यावर तेच लिंकन ३० एप्रिल १८६४ रोजी नवे सरसेनापती ग्रँट यांना लिहितात की, तुमच्या योजनेचे तपशील मला ठाऊक नाहीत आणि ते जाणून घेण्याची माझी इच्छाही नाही. पुढे उत्तरेचे सेनापती शेरमन अटलांटाहून निघाले, तेव्हा महिनाभर त्यांची तारच येत नव्हती, तरी लिंकन यांनी ते सोसले.

निवृत्त सुभेदार:
तपशील जाणायचे नव्हते, तर ३ ऑगस्ट १८६४ ची तार कशासाठी? आपल्या सेनापती शेरिडनला शत्रूच्या पाठीवर सोडण्याचा तुमचा बेत योग्य आहे, पण तुम्ही रोज, तासातासाला लक्ष घालून तो रेटला नाहीत तर येथे काहीही होणार नाही, असे त्यात ग्रँटला बजावले आहे. मात्र एवढे मान्य करतो की, ही तार राजधानीतील सुस्तीविरुद्ध होती, आघाडीवरच्या माणसाविरुद्ध नव्हती. ग्रँटने उत्तर दिले की, दोन तासांत निघतो. तो वॉशिंग्टनमध्ये न थांबता थेट मोनोकसीला फौजेकडे गेला आणि हुकूम समोरासमोर दिले. माझ्या त्या घळीपर्यंत असे कोणी आले नाही.