छापखान्यातील जुळणीसाठी नवा डेस्कटॉप: असेंबल्ड घ्यावा की ब्रँडेड?

खिळेजुळारी:

सांगलीत आमचा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुके, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि एका दिवाळी अंकाची जुळणी ही आमची मुख्य कामे. त्यासाठी दोन संगणक आहेत: एक २०१४ साली सुटे भाग आणून जोडून घेतलेला, दुसरा २०१९ साली एका नामांकित कंपनीचा तयार घेतलेला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, त्यामुळे २०१४ चे मशीन बदलणे भाग आहे, आणि काम वाढल्याने त्याच्या जोडीला आणखी एक घ्यायचे आहे. धाकट्या भावाचे म्हणणे आहे की दोन्ही ब्रँडेड घ्यावीत. माझे मत दोन्ही असेंबल्ड घ्यावीत असे आहे. त्यामागचे कारण मांडतो. ज्यांना ते पटत नसेल त्यांनी ते अवश्य खोडून काढावे.

गेल्या वर्षी तुळशीची लग्ने झाली आणि पत्रिकांची गर्दी सुरू झाली, त्याच आठवड्यात ब्रँडेड मशीन बंद पडले. बिघाड एसएमपीएसचा, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचा होता. यात विशेष काही नाही, कारण एसएमपीएस हा झिजणाराच भाग आहे. नवा आणून बसवावा म्हणून झाकण उघडले, तर मदरबोर्डवर (सगळे भाग जिथे जोडले जातात त्या मुख्य पाटीवर) नेहमीच्या चोवीस पिनांच्या जोडणीच्या जागी सहा पिनांची जोडणी होती, आणि एसएमपीएसचा आकारही बाजारात मिळणाऱ्या एसएमपीएसपेक्षा निराळा, अरुंद आणि लांबट होता. दुकानात असलेला एकही एसएमपीएस त्या पेटीत बसेना. एका वर्षाची वॉरंटी केव्हाच संपलेली होती. सेवा केंद्राने पैसे घेऊन भाग मागवला आणि तो यायला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस आम्ही दोघे भाऊ २०१४ च्या एकाच मशीनवर पाळीपाळीने, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसलो.

त्या जुन्या मशीनचा एसएमपीएस २०२१ मध्ये असाच गेला होता. दुपारी बाजारपेठेतून नवा आणला आणि संध्याकाळी मशीन चालू झाले. १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी आणला, तेव्हा त्याची रचना खुली होती, म्हणूनच इतरांना त्याला जुळणारे भाग आणि संगणक बनवता आले. पुढे १९९५ मध्ये इंटेलने मदरबोर्ड, पेटी आणि एसएमपीएस यांच्या मापांचा एटीएक्स हा आराखडा मांडला, आणि त्यात ठरलेल्या भोकांवरच आजचा मदरबोर्ड माझ्या २०१४ च्या कॅबिनेटमध्येही (पेटीतही) बसतो. सुट्या भागांच्या संगणकाचे खरे मोल मला यात दिसते. चार पैसे वाचतात हा मुद्दा माझ्या दृष्टीने दुय्यम आहे.

हिशेबनीस:

आपल्या अकरा दिवसांबद्दल मनापासून वाईट वाटले, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. सातारा जिल्ह्यातील एका पतसंस्थेत मी लेखा विभाग सांभाळतो. आमच्या शाखांमध्ये चौदा संगणक आहेत. २०१६ मध्ये आम्ही ते सगळे एका स्थानिक दुकानदाराकडून जोडून घेतले होते, आणि पहिली तीन वर्षे आमचा अनुभव आपल्यासारखाच, म्हणजे उत्तम होता. माणूस ओळखीचा, फोन केला की तासाभरात हजर. लॉकडाऊनमध्ये त्याने दुकान बंद केले आणि तो मूळ गावी निघून गेला. त्यानंतर तीन महिन्यांत दोन मशीनच्या हार्ड डिस्क बिघडल्या. त्या मध्यंतरी बदललेल्या असल्याने वॉरंटीत असायला हव्या होत्या, म्हणून कपाटातून बिले काढली, तर बिलावर फक्त 'कॉम्प्युटर सेट, नग १' असे लिहिलेले होते. कंपनीचे नाव नाही, मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही. शिवाय तपासणीत असे आढळले की चौदापैकी एकाही मशीनवर विंडोजचा अधिकृत परवाना नव्हता. लोकांच्या ठेवींचा हिशेब ज्या यंत्रांवर चालतो, त्या यंत्रांवर चोरीची प्रणाली होती, हे संचालक मंडळासमोर सांगताना मला जी शरम वाटली ती मी विसरू शकत नाही.

आता आमच्याकडे सर्व मशीन ब्रँडेड आहेत. व्यावसायिक श्रेणीतले, तीन वर्षांच्या ऑनसाइट वॉरंटीचे. तक्रार नोंदवल्यावर बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी भाग घेऊन माणूस शाखेत येतो. विंडोजचा परवाना मशीनसोबतच येतो. आपण २०१९ मध्ये घेतलेले मशीन एका वर्षाच्या वॉरंटीचे होते, म्हणजे बहुधा घरगुती श्रेणीतले असावे. घरगुती मशीन घेऊन त्यावर व्यवसाय चालवला आणि दोष ब्रँडला दिला, असे तर झाले नाही ना, याचा आपण विचार करावा.

खिळेजुळारी:

आपला शेवटचा प्रश्न मला लागू पडतो, ते मशीन घरगुती श्रेणीतलेच होते. बिलाचा मुद्दाही पूर्णपणे मान्य. माझ्या २०१४ च्या बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर आहे, कारण तो लिहून घेतल्याशिवाय मी पैसे दिले नव्हते. बाजारात खोक्यात मिळणाऱ्या प्रोसेसरला इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्या तीन वर्षांची वॉरंटी देतात, मदरबोर्डला साधारण तीन वर्षे असतात, चांगल्या एसएसडीला (हार्ड डिस्कच्या जागी येणाऱ्या वेगवान साठवणीला) पाच वर्षांपर्यंत मिळतात. ही वॉरंटी त्या-त्या भागाच्या कंपनीची असते, त्यामुळे दुकानदार गेला तरी ती उरते. बिल मात्र हवे.

परंतु माझा मूळ प्रश्न तसाच राहतो. आपली तीन वर्षे संपल्यावर, चौथ्या किंवा सहाव्या वर्षी एसएमपीएस गेला तर काय? छापखान्यात आम्ही मशीन तीन वर्षांत बदलत नाही, आठ-दहा वर्षे चालवतो.

दर्यावर्दी:

चिपळुणात बावीस वर्षे संगणक दुरुस्तीचे काम करतो आहे. या चर्चेत एसएमपीएसचे नाव निघाले म्हणून लिहावेसे वाटले, कारण माझ्या टेबलावर येणाऱ्या असेंबल्ड मशीनपैकी बहुतेकांचे मूळ दुखणे तिथेच असते, आणि ते दुखणे जोडणाऱ्यानेच लावलेले असते. मी स्वतः असेंबल्डच्या बाजूचा आहे, पण आपल्याच बाजूचे दोष आधी बोलले पाहिजेत.

गिऱ्हाईक प्रोसेसर विचारते, रॅम विचारते, अलीकडे एसएसडीही विचारते, परंतु एसएमपीएस कोणता टाकला हे शंभरात दोघेही विचारत नाहीत. मग कॅबिनेटसोबत फुकट येणारा, वर मोठ्या अक्षरांत '४५० वॅट' छापलेला डबा त्यात बसवला जातो. तो हातात घेऊन पाहा, रिकाम्या डब्यासारखा हलका लागतो, कारण आत तांबे आणि कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) यांची काटकसर केलेली असते. असा एसएमपीएस मरताना कधी कधी मदरबोर्डलाही सोबत घेऊन जातो. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राचा एसएमपीएस दोन-तीन हजारांनी महाग पडतो, आणि नेमकी तीच बचत दुकानदार करतो. ब्रँडेड मशीनचा एसएमपीएस जोडणीला विचित्र असला तरी आतून तो बहुतेक वेळा प्रामाणिक असतो, हे मी शेकडो मशीन उघडून पाहिल्यावर सांगतो आहे.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हाताची मागची बाजू लावली आणि झिणझिण्या आल्या, तर बिघाड संगणकात नसून घराच्या वायरिंगमध्ये आहे. एसएमपीएसमध्ये फिल्टरसाठी लावलेले कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर त्या पत्र्यावर मुख्य विद्युतदाबाच्या साधारण निम्मा दाब येऊन राहतो. मल्टिमीटरने सॉकेट तपासावे: फेज आणि अर्थिंगमध्ये २३० व्होल्टच्या आसपास यावेत, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टांपेक्षा जास्त नकोत. हे तपासून न घेता ब्रँडेड आणा नाहीतर असेंबल्ड आणा, दोन्ही माझ्याकडेच येणार.

आणि आमच्या कोकणातला पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये 'मशीन चालू होते पण स्क्रीनवर काही येत नाही' अशी तक्रार घेऊन रोज दोन-तीन जण येतात. रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्ट्या शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसायच्या, कण झटकायचे, खाचेत बसवताना दोन्ही बाजूंचा 'टक' आवाज ऐकायचा. बहुतेक मशीन एवढ्यावर चालू होतात. असेंबल्ड मशीनमध्ये हे काम मालक स्वतः शिकू शकतो. काही लहान आकाराच्या ब्रँडेड पेट्यांमध्ये मात्र रॅमपर्यंत पोचायला अर्धे मशीन उकलावे लागते.

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर माझ्या दुकानात चिखलाने भरलेले संगणक रांगेने ठेवलेले होते. पुराच्या पाण्याने झालेले नुकसान साध्या वॉरंटीत बसत नाही, त्यामुळे तेव्हा ब्रँड कोणाच्याच उपयोगी पडला नाही. असेंबल्ड मशीनमधून धुऊन-वाळवून जे प्रोसेसर आणि रॅम वाचले, ते दुसऱ्या मदरबोर्डवर बसवून मी लोकांना परत दिले.

माजघर:

आपण सर्व जाणकार आहात, म्हणून एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते आहे असे मला नम्रपणे वाटते. मी नाशिकला राहते. मुलाच्या अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी संगणक घ्यायचा होता. घरात या विषयातले कोणालाच काही कळत नव्हते. एका दुकानात असेंबल्डचे कोटेशन घेतले, त्यात सोळा ओळी होत्या. दुसऱ्या दुकानदाराने तीच यादी पाहून सांगितले की यातला मदरबोर्ड जुना आहे. तिसऱ्याने सांगितले की प्रोसेसर 'ट्रे'चा आहे, खोक्यातला नाही. कोण खरे बोलतो हे ठरवण्याचे कोणतेही साधन माझ्याजवळ नव्हते. शेवटी मी ब्रँडेड घेतला आणि दोन-चार हजार जास्त गेले असतील तर ते मी आनंदाने दिले, कारण त्या पैशांत मला एकाच कंपनीचे नाव आणि एकच फोन नंबर मिळाला.

दर्यावर्दी यांनी लिहिले की शंभरात दोघेही एसएमपीएसबद्दल विचारत नाहीत. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांना दोष देता येईल का? ज्याला विचारावे काय हेच माहीत नाही, त्याच्या गळ्यात निवडीचे ओझे घालून त्याला स्वातंत्र्य म्हणणे मला पटत नाही.

दर्यावर्दी:

ताई, आपण लिहिले ते माझ्या धंद्यातल्या लोकांनी ऐकावे असे आहे. ओळखीचा आणि भरवशाचा माणूस नसेल तर मीसुद्धा ब्रँडेडच घ्या असे सांगतो. तिसऱ्या दुकानदाराचे म्हणणे मात्र खरे असावे. ट्रेमधला प्रोसेसर बनावट नसतो, पण तो मुळात संगणक बनवणाऱ्यांसाठी असतो आणि त्याची जबाबदारी विकणाऱ्यावर असते. म्हणून भाव थोडा कमी दिसतो.

गणकवेडा:

किमतीबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. असेंबल्ड स्वस्तच पडतो, हा समज आता सरसकट खरा राहिलेला नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, कारण स्मृतिचिपा बनवणाऱ्या कंपन्यांचे उत्पादन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडे वळले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा 'क्रुशियल' हा ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. मोठ्या कंपन्या रॅम करार करून घेतात, त्यामुळे त्यांच्या किमती उशिरा चढतात. सुटा भाग घेणाऱ्याला मात्र त्या दिवसाचा भाव मोजावा लागतो. त्यात विंडोजच्या अधिकृत परवान्याचे दहा हजारांच्या घरातले पैसे धरले, तर साध्या कार्यालयीन मशीनमध्ये ब्रँडेड बरोबरीला येतो, कधी स्वस्तही पडतो. धागाकर्त्यांनी दोन्ही कोटेशने एकाच दिवशी घ्यावीत आणि त्यात परवाना धरूनच तुलना करावी.

हिशेबनीस:

गणकवेडा यांच्याशी सहमत. शिवाय धागाकर्ते जीएसटी नोंदणीकृत असतील तर दुकानदार कंपोझिशन योजनेतला (लहान व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेतला) नाही ना, हे पाहावे, कारण तसा दुकानदार कर वेगळा लावू शकत नाही आणि मग खरेदीवरच्या १८ टक्के कराची वजावटही मिळत नाही. माझा आक्षेप अजून कायम आहे. असेंबल्ड मशीनचा आधार एक माणूस असतो. तो आजारी पडला, गावाला गेला, त्याने धंदा बदलला, तर ऐन लग्नसराईत आपण काय कराल?

खिळेजुळारी:

या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. भावाशीही बसून बोललो. आधी जे बदलले ते सांगतो: विंडोजचा परवाना अधिकृतच घेणार आहे, कोटेशनमध्ये त्याची वेगळी ओळ लिहून घेतली आहे. काल इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेट तपासले, तर जुळणीच्या खोलीत न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये नऊ व्होल्ट आले. अर्थिंगचा खड्डा नव्याने भरायला सांगितले आहे. दर्यावर्दी, यासाठी आपले मनापासून आभार. ब्रँडेड मशीनचा एसएमपीएस का गेला असावा, याचे उत्तरही कदाचित तिथेच आहे.

तरीही दोन्ही मशीन असेंबल्डच घेतो आहे. दोन्हींचा मदरबोर्ड, रॅम आणि एसएमपीएस अगदी एकाच मॉडेलचे ठेवणार आहे, आणि त्याच मॉडेलचा तिसरा एसएमपीएस आत्ताच विकत घेऊन कपाटात ठेवणार आहे. तो दोघांनाही चालेल. उद्या आमचा जोडणारा माणूस गावाला गेला तरी चार स्क्रू आणि तीन-चार जोडण्या एवढेच ते काम आहे. काल संध्याकाळी भावाने जुन्या मशीनचा एसएमपीएस स्वतःच्या हाताने काढून पुन्हा बसवला. पहिल्या वेळी त्याला चाळीस मिनिटे लागली, दुसऱ्या वेळी पंधरा.