304 स्टेनलेसचा पातळ पाइप वेल्डिंग करताना आतून काळा पडायलाय, पर्जिंगला (आतली हवा गॅसनं हाकलायला) काय घ्यावं?

भूमचा_फिटर
दूध संकलन केंद्राची लाइन आहे. 304एल, बाहेरचा व्यास 51 मिमी, जाडी 1.6. एकूण 24 मीटर, 30 जॉइंट, चार बेंड, दोन टी. टिग वेल्डिंगचा जॉइंट वरून छान येतो, कापून पाहिलं तर आत काळी साखर (हवेनं जळून दाणेदार झालेला धातू). आर्गॉनचा सिलिंडर एक, रेग्युलेटर एक. सिलिंडर लातूरहून मागवावा लागतो. पर्जिंगच्या सामानाला 4000 रुपये आहेत. काय घेऊ?

वाळूज_टिग
आधी ऑक्सिजन मीटर घ्या. आतला ऑक्सिजन 50 पीपीएमच्या (दहा लाखात 50 भाग) खाली आल्याशिवाय आर्क मारायचा नाही. अंदाजाने केलेलं पर्जिंग म्हणजे गॅसही गेला अन् जॉइंटही गेला.

जालना_फॅब
4000 म्हणलेत ते! मीटर त्यात बसत नाही. त्याच पाइपचे दोन तुकडे जोडा, उभे चिरा, रंग बघा. चांदीसारखा किंवा फिकट सोनेरी आला तर पास. निळा दुधाला नको. करडा-काळा म्हणजे आत हवा आहेच. साखरेच्या खाचेत दूध बसतं, सीआयपीचं (लाइन न खोलता धुण्याचं) कॉस्टिक तिथवर पोचत नाही, अन् क्रोमियम जळून गेल्यामुळे गंजही तिथूनच धरतो.

नांदेड_वेल्डर
कशाला एवढं? मागच्या बाजूनं फ्लक्सची (वितळून धातूला हवेपासून झाकणारी) पेस्ट लावा, पर्जची गरजच नाही.

जालना_फॅब
दुधाच्या लाइनीत फ्लक्स नको. काचेसारखा थर चिकटून बसतो. 51 च्या पाइपात, बेंडच्या पलीकडे हात घालून तो काढणार कसा?

उदगीर_वर्क्स
टॉर्च आणि पर्ज एकाच रेग्युलेटरवर 'वाय' (दोन फाट्यांचा जोड) लावून घेत असाल तर घोळ तिथंच आहे. पर्ज उघडला की टॉर्चचा गॅस पडतो, टॉर्चचं बटण दाबलं की पर्ज पडतो. पर्जला वेगळा फ्लोमीटर पाहिजे, 4000 मधले पहिले पैसे तिथं घाला. नळी पीयूची (पॉलीयुरेथेनची) घ्या. जुन्या रबरी नळीतून ओल आणि हवा दोन्ही आत येतात.

परळी_ट्यूब
पाण्यात विरघळणारा कागद घ्या. जॉइंटच्या दोन्ही बाजूंना 150 मिमी आत बोळा बसवायचा, म्हणजे तेवढ्यातच गॅस भरावा लागतो; जवळ बसवला तर जळतो. काम झालं की पाणी सोडा, विरघळून निघून जातो. हिशोब बघा: या पाइपात मीटरला 1.8 लिटर जागा. बोळ्यांमध्ये 300 मिमी म्हणजे अर्धा लिटरच. दहा वेळा हवा बदलली तरी साडेपाच लिटर. 8 एलपीएमला (मिनिटाला 8 लिटर) मिनिटही लागत नाही, तरी दोन मिनिटं द्या.

नांदेड_वेल्डर
आर्गॉन महाग पडतो. आतून नायट्रोजन सोडा.

वाळूज_टिग
304 ला नायट्रोजन वापरणारे आहेत, पण रूटमध्ये (जॉइंटच्या आतल्या तळात) नायट्रोजन शिरला की फेराइट (क्रॅक रोखणारा धातूतला भाग) घटतं, क्रॅकचा धोका वाढतो. अर्धा लिटर जागेसाठी तो सोस कशाला? आणि मिगचा मिक्स सिलिंडर चुकूनही लावू नका, त्यातला कार्बन डायऑक्साइड आतून काळंच करतो. मीटरचा विचार करा पुन्हा.

उदगीर_वर्क्स
एक राहिलंच. टॅक (पाइप जागेवर धरायचे छोटे टाके) मारतानाही पर्ज चालू पाहिजे, नाहीतर टॅकखालची साखर नंतर निघत नाही. कड काटकोनात कापा, बर (कापल्यावर उरलेली धार) काढा, गॅप शून्य, ॲसिटोननं पुसा. टंगस्टन 1.6, करंट 45 ते 55 अँपिअर, टॉर्चला गॅस लेन्स (गॅस सरळ सोडणारी जाळी) लावा. शेवटचे 10-15 मिमी राहिले की पर्ज 3-4 एलपीएमवर आणा. आत दाब साठला तर वितळलेला धातू बाहेर ढकलला जातो, आतून रूटला खळगा पडतो. त्यासाठी बाहेर जायचं भोक आत येणाऱ्या नळीपेक्षा बारीक नको.

परळी_ट्यूब
दाबाचं खरंय. कागद मात्र घ्याच.

भूमचा_फिटर
सगळ्यांचे आभार. वेगळा फ्लोमीटर आणि पीयू नळी घेतो. कागद नको. एका बाजूला टी, दुसऱ्या बाजूला बेंड, बोळा सरकला तर कळायचं नाही. अन् मालकाला लाइनीत काहीच सोडायचं नाही. 24 मीटर एकदमच भरतो, पर्जला दुसरा सिलिंडर मागवतो.

परळी_ट्यूब
गॅस वाया जाईल.

जालना_फॅब
जाईल, पण होईल. 24 मीटरला 43 लिटर. आठ पट म्हणजे 350 लिटर, 15 एलपीएमला साधारण 23 मिनिटं. मग 6 वर ठेवा. दोन दिवस आठ-आठ तास धरले तरी 5760 लिटर, 7 घनमीटरच्या सिलिंडरमध्ये बसतं. न जोडलेला प्रत्येक जॉइंट ॲल्युमिनियम टेपनं घट्ट गुंडाळा, जिथं मारायचं तिथलीच सोडवा, मारायच्या पुढं पुढं उलगडत जा. आर्गॉन हवेपेक्षा जड, म्हणून आत येणारा खालून, बाहेर जाणारा सगळ्यात उंच टोकाला. टीची रिकामी फांदी विसरू नका. तिच्यात हवा अडकून राहते, म्हणून टोपणाला बारीक भोक ठेवा, तिथूनही पर्ज होऊ द्या. आणि लाइनीचं टोक कूलरच्या टाकीला जोडलं असेल तर आधी सोडवा. टाकीत आर्गॉन तळाशी साठतो, वास नाही, रंग नाही. पर्ज चालू असताना टाकीत कुणी उतरायचं नाही, डोकंही घालायचं नाही.