बुककीपिंगचा ऑनलाइन कोर्स, माउसशिवाय चालणारा. बजेट ८ हजार, काय घेऊ?

विश्रामबागचे_सर
नमस्कार मंडळी. सांगलीत अकरावी-बारावी कॉमर्सचे क्लास घेतो. बुककीपिंगचा कोर्स ऑनलाइन करायचाय. यंदा दोन मुलं पूर्ण अंध आहेत, लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर) वापरतात. एका मुलीचे हात थरथरतात, माउस धरता येत नाही, कीबोर्ड चालतो. व्हिडिओ, नोट्स, चाचण्या सगळं त्यांना कुणाला न बोलावता उघडता आलं पाहिजे. कुठला प्लॅटफॉर्म घेऊ? ८ हजारांच्या वर एक रुपया नाही.

मार्केटयार्ड
८ हजारात काय होतंय सर? आमच्या मेहुण्यानं पुण्यातनं ॲप करून घेतलं, सव्वा लाख गेले. दिसायला एक नंबर.

कृष्णाकाठ
अंध पोरांना चालतं का ते?

मार्केटयार्ड
ते विचारलं नाही. पण रंग काय दिलेत राव!

राजवाडा_सातारा
एनव्हीडीए सोडा, जॉज घ्या, तोही स्क्रीन रीडरच, पण विकतचा. आमच्या ऑफिसात आहे. फुकटच्या वस्तूचा काय भरवसा?

कानानं_वाचणारा
राजवाडा साहेब, हा धागा मी फुकटच्या एनव्हीडीएवरच वाचतोय. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अंध प्रोग्रामरनं ते सुरू केलं. आणि सरांनी रीडर विचारलेलाच नाही.

सर, प्लॅटफॉर्मपेक्षा आत काय टाकता ते बघा. खतावणीचा फोटो टाकलात तर मला नुसतं 'ग्राफिक' ऐकू येतं. खरा तक्ता करा, पहिली ओळ शीर्षकाची आहे असं वर्डला सांगा. मग कंट्रोल, ऑल्ट आणि बाण दाबत मी आडवा सरकलो की 'रक्कम, ५०००' असं कानावर येतं. पण पुस्तकातल्यासारखी नावे बाजू आणि जमा बाजू एकाच तक्त्यात शेजारी ठेवू नका. मी ओळीनं ऐकतो, त्यामुळं डावीकडची खरेदी संपते न संपते तोच उजवीकडची शिल्लक सुरू होते, आणि दोन्हीकडं तेच 'तारीख, तपशील, रक्कम'. दोन वेगळे तक्ते करा, प्रत्येकावर हेडिंग द्या. एच दाबला की थेट तिथं पोचतो. चौकटी मर्ज केल्यात तर मात्र सगळा घोळ.

डीटीपी_मिरज
नोट्स माझ्याकडून घ्या, श्रीलिपी फॉन्टमध्ये करून देतो. छपाईला तोड नाही.

कानानं_वाचणारा
नको हो! जुन्या फॉन्टमधलं मराठी आम्हाला इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा म्हणून ऐकू येतं. युनिकोडच पाहिजे, मोबाइलवर आपण टाइप करतो ते.

डीटीपी_मिरज
युनिकोडमध्ये 'दुसऱ्या'तला र नीट येत नाही.

कृष्णाकाठ
वर तुम्हीच लिहिलाय की, आला नीट.

डीटीपी_मिरज
छपाईत येत नाही म्हणतोय मी.

मूडलप्रेमी
मूडल टाका, आपल्या सर्व्हरवर चालवायचं कोर्सचं सॉफ्टवेअर, फुकट आहे.

कृष्णाकाठ
आणि सर्व्हर बंद पडला की रात्री कोण उठणार, तुम्ही?

नियमावर_बोट
कीबोर्डनं सगळं चाललं पाहिजे हे वेबसाइट दिव्यांगांनाही वापरता याव्यात म्हणून केलेल्या २००८ च्या डब्ल्यूसीएजी २.० नियमावलीतच आहे. आपल्याकडं २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. लोक वाचत नाहीत, मग धागे काढतात.

वसुधा_कराड
नियम राहू देत, त्या मुलीचं बघा. सर, आधी विंडोजमधलं फिल्टर कीज चालू करून द्या. हात थरथरून तीच कळ पुन्हा पुन्हा दाबली गेली तर ते सोडून देतं. माझ्या भावाला त्याचाच आधार आहे. आणि काहीही विकत घ्यायच्या आधी माउस काढून ठेवा, नुसत्या टॅब आणि एंटर कळीनं एक धडा उघडून बघा. आपण कुठल्या बटणावर आहोत ते चौकटीनं दिसत नसेल तर ते पैसे वाचवा. ओढून जोड्या लावायचे प्रश्न ठेवू नका. घड्याळ लावून चाचणी तर अजिबातच नको, निदान तिला वेळ वाढवून द्या.

राजवाडा_सातारा
वेळ वाढवला की बाकीची पोरं कॉपी करणार. तरी जॉजचा विचार करा.

कानानं_वाचणारा
वसुधाताईंशी सहमत. आणखी एक सर. व्हिडिओत फळ्यावर बोट ठेवून 'इथनं हे काढलं, इथं टाकलं' म्हणू नका. 'घसारा ५०० यंत्रातून वजा' असं तोंडानं म्हणा. डोळस पोरांनाही बरं पडेल.

विश्रामबागचे_सर
सगळ्यांचे आभार. प्लॅटफॉर्म घेतच नाही! व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हॉइस नोट आणि वर्डच्या फाइली, चाचणी गूगल फॉर्मवर. पोरांना तिन्ही येतात, विचारून घेतलं. पैशातनं चांगला माइक घेतो.

मूडलप्रेमी
व्हॉट्सॲपवर कोर्स? महिन्याभरात सगळं वर जाईल, पोरं शोधणार कुठं?

वसुधा_कराड
निदान ड्राइव्हवर एक फोल्डर तरी करा.

विश्रामबागचे_सर
नको. ठरलं ते ठरलं.

कानानं_वाचणारा
मग निदान फाइलींना नावं नीट द्या. 'न्यू डॉक्युमेंट ३' ऐकून धडा कळत नाही.

मार्केटयार्ड
माइक कुठला घेताय? मेहुण्याकडं एक नवाकोरा पडून आहे, साडेअकरा हजाराला देईल.