वेब डिरेक्टरीत नोंदणीला अजून कोणी पैसे भरतं का?

टिळक रस्त्यावरची
काल आमच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एका 'ग्रोथ कोच'ची पोस्ट आली. दोन हजार भरा, तुमची वेबसाइट पाचशे वेब डिरेक्टऱ्यांत (म्हणजे वर्गवार लावलेल्या वेबसाइटच्या याद्यांत) नोंदवतो, तीन महिन्यांत ट्रॅफिक दुप्पट. खाली अकरा जण 'इंटरेस्टेड' लिहून मोकळे. त्यात माझे दोन क्लायंट. तिथे तोंड उघडलं तर गिऱ्हाईक तुटेल, म्हणून इथे ओकते.

मी चौदा वर्षं छोट्या दुकानदारांच्या साइट करतेय. याहू डिरेक्टरीचा जमाना वेगळा होता. धंद्याच्या साइटला वर्षाला २९९ डॉलर, आणि पहिल्या वेळी नाकारलं तरी पैसे परत नाहीत. तरी लोक भरायचे, कारण तिकडे कुणीतरी माणूस साइट उघडून बघायचा. ती २०१४ च्या अखेरीस गेली. गूगलने स्वतःची डिरेक्टरी २०११ मध्येच गुंडाळली होती. डीमॉझ, ती स्वयंसेवकांनी चालवलेली फुकट डिरेक्टरी, १७ मार्च २०१७ ला बंद. मधे एप्रिल २०१२ मध्ये गूगलचं पेंग्विन अपडेट आलं आणि निकालात वर चढण्यासाठी जमवलेल्या घाऊक लिंकांवर वरवंटा फिरला. आजही गूगलच्या स्पॅमच्या नियमांत हलक्या डिरेक्टऱ्यांच्या लिंकांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे हा गडी दोन हजार घेऊन तुम्हाला नेमकं तिथेच नेऊन बसवतोय.

एका केटरिंगवाल्यांनी माझ्याआधी कुणाकडून तरी हा उद्योग करून घेतला होता. साइटवर कोण कुठून आलं ते दाखवणारं ॲनालिटिक्स मी उघडलं. सगळ्या डिरेक्टऱ्या मिळून सहा महिन्यांत आलेली माणसं: नऊ. त्यातली चार म्हणजे मीच, लिंका चालतात का ते बघताना. एका ठिकाणी त्यांची नोंद 'फटाके व शोभेची दारू' या वर्गात. खाली वर्णन, 'श्रावणात उपवासाची थाळी मिळेल'.

पेटीवाला
ताई, रागावू नका. माझं पुण्यात शुक्रवार पेठेत हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान आहे. साइट जावयांनी करून दिली. ट्रॅफिक म्हणजे मला बाजीराव रस्त्यावरचं तेवढं कळतं. पण काउंटरवर एक वही आहे. नवीन गिऱ्हाईक आलं की "आमचं कुणाकडून कळलं?" विचारून लिहायचं, ही वडिलांपासूनची पद्धत. दिवाळीपासून ५३ नावं झाली. ओळखीतून ३१, गूगलच्या नकाशावरून १२, पाटी बघून ३, आणि लिस्टिंगवरून ७. सातारकडचं एक भजनी मंडळ त्या सातांतलंच. दोन पेट्या, एकीच्या भात्याला उंदराने भोक पाडलेलं, दुसरीचे काळी चारचे सूर बसलेले. दोन्ही करून दिल्या. आता सांगा, मेलेली गोष्ट असं काम आणते का?

टिळक रस्त्यावरची
काका, वही झकास आहे. पण ते सात जण तुमच्या साइटवर आलेच नाहीत, त्यांनी थेट फोन लावला. फोन नंबर दाखवणारी गावातली लिस्टिंग वेगळी आणि लिंका वाटणारी वेब डिरेक्टरी वेगळी. मी दुसरीबद्दल बोलतेय.

पेटीवाला
फोन आला ना? साइट उघडून पेटी वाजते थोडीच.

भोसरीचा गॅस्केटवाला
लिस्टिंगचं नाव काढलं म्हणून आलो. एका पोर्टलला सलग दोन वर्षं पैसे भरले. नाव लिहीत नाही, उगाच नोटीस यायची. एकच चौकशी आमच्या गल्लीतल्या चौघांना विकतात. समोरच्या शेडमध्ये फोन वाजला की मी हात पुसून तयार राहतो, पुढचा मलाच येणार. आणि चौकशी काय? "एक नग पाहिजे, घरपोच मिळेल का?" अहो, एका नगासाठी डाय लावू का मी?

खडूस
मग सोडलं का नाहीत?

भोसरीचा गॅस्केटवाला
सोडणारच होतो. त्याच पोर्टलवरून २०१९ मध्ये कोइमतूरचा एक पंपवाला आला. अजून दर महिन्याला माल जातो त्याच्याकडे. त्याच्या जिवावर यंदाही शिव्या घालत भरले.

खडूस
म्हणजे लॉटरी.

जुना संपादक
धागाकर्तीने डीमॉझला एका ओळीत गाडलं, ते बघवलं नाही. मी तिथे काही वर्षं विनामूल्य संपादक होतो. रात्री जेवणं झाली की बसायचं आणि लोकांच्या अर्जातून 'सर्वोत्तम', 'अग्रगण्य', 'एकमेव विश्वसनीय' हे शब्द खुडत राहायचं. शेवटी उरायची एक ओळ, 'पितळी भांड्यांचे घाऊक विक्रेते'. गूगल हेच वर्णन निकालाखाली दाखवायचं. ज्यांना ते नको असायचं त्यांना साइटमध्ये वेगळा टॅग घालावा लागायचा. एवढं वजन होतं एका फुकट ओळीला. त्याची आणि पाचशेच्या कचऱ्याची तुलनाच नको.

खडूस
वा, म्हणजे तुम्हीच ते! माझा अर्ज २००४ मध्ये टाकलेला. १३ वर्षं वाट बघितली, शेवटी डिरेक्टरीच गेली. माझा प्रतिस्पर्धी मात्र आठवड्यात आत. नंतर कळलं की त्या वर्गाचा संपादक तोच.

जुना संपादक
काही ठिकाणी तसं झालं, नाकारत नाही. पण एका वर्गात शेकडो अर्ज आणि संपादक एक, तोही नोकरी सांभाळून. पगार नव्हता आम्हाला.

खडूस
पगार नव्हता, मस्ती होती.

जुना संपादक
भाषा सांभाळा.

भांबुर्डेकर
तुमचं चालू द्या, मला एक वेगळंच विचारायचंय. हे एसईओवाले, म्हणजे गूगलच्या निकालात साइट वर आणून देणारे, सांगतात की प्रत्येक लिस्टिंगवर नाव, पत्ता, फोन अक्षरशः एकसारखा हवा, नाहीतर गूगल गोंधळतं. पुण्यात? माझ्या ऑफिसच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून 'भांबुर्डा' हे जुनंच नाव आहे. लाइटबिलावर शिवाजीनगर. बँकेत 'जे.एम. रोड', पाटीवर 'जंगली महाराज रस्ता'. सिटी सर्व्हे नंबर एक, फायनल प्लॉट नंबर दुसरा, आणि कुरिअरवाल्याला दोन्ही चालत नाहीत, त्याला 'अमक्या हॉटेलच्या मागे' लागतं. ते हॉटेल बंद होऊन सहा वर्षं झाली. यातला एकसारखा पत्ता कोणता?

हिंजवडी फेज ३
पेठा आणि शिवाजीनगर म्हणजेच पुणे, असं धरून बोलणाऱ्यांचं हेच होणार. आमच्याकडे गावाचं नावच ठरत नाही. हिंजवडी, हिंजेवाडी, हिंजवाडी. तीन लिस्टिंगवर तीन. तिन्हीकडे पिनकोड ४११०५७ तरी सारखा आहे, तेवढाच आधार.

भांबुर्डेकर
पिनकोडचं श्रेयही आपल्याकडचंच बरं का. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला, बसवला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. संस्कृतात कविता करणारा माणूस. सहा आकड्यांत देश बसवला त्यांनी, आणि आपल्याला एक रस्ता धड लिहिता येत नाही.

हिंजवडी फेज ३
पहिल्या तीन आकड्यांत सॉर्टिंगचा जिल्हा, पुढच्या तीनांत पोस्ट ऑफिस. त्यात तुमची गल्ली कुठे बसते? उगाच अभिमान.

भांबुर्डेकर
अभिमान नाही, माहिती दिली. तुमच्याकडे माहिती दिली तरी झोंबते का?

हिंजवडी फेज ३
तुमच्या 'माहिती'त दरवेळी 'आपल्याकडचंच' असतं म्हणून झोंबते.

शनिवारातली सून
पत्त्यावरून निघालंच आहे तर, आमच्या वाड्याची पिन कुणीतरी नकाशावर मागच्या बोळात टाकलीय. बोळात दुचाकीसुद्धा वळत नाही. रोज दोन-तीन डिलिव्हरीवाले तिथून फोन करतात, "मॅडम, भिंत आलीय." दुरुस्ती सुचवली चारदा. चारदा 'धन्यवाद' आलं, पिन तिथेच. आता सासूबाई गॅलरीतून हाका मारून पोरांना वळवतात. सगळ्यात भरवशाची डिरेक्टरी त्याच.

खडूस
त्यांना वर्षाला किती द्यायचे?

टिळक रस्त्यावरची
मूळ प्रश्न कुणाला आठवतोय का? भांबुर्डेकर, तुमचं उत्तर: कोणताही एक पत्ता निवडा, तोच सगळीकडे, आणि ते बंद हॉटेल काढून टाका. 'रस्ता' की 'रोड' याने गूगल चक्रावत नाही. चुकीचा फोन नंबर मात्र सरळ गिऱ्हाईक घालवतो.

जुने संपादक, तुमच्या एका ओळीला माझा सलाम. ते जग गेलं याचं मलाही वाईट वाटतं, पण गेलं ते गेलं. गॅस्केटवाले, तुमचा पंपवाला मान्य. फक्त तो तुम्हाला त्या धंद्याच्या पोर्टलवर सापडला, जिथे खरेदी करणारा माणूस खरंच जातो. पाचशे डिरेक्टऱ्यांत कोण जातं? डिरेक्टऱ्या विकणारे.

भोसरीचा गॅस्केटवाला
म्हणजे मी भरले ते बरोबर?

टिळक रस्त्यावरची
वहीत लिहिलंत तर कळेल. पेटीवाल्या काकांकडून शिका.

पेटीवाला
ताई, हे पहिल्यांदा गोड बोललात.

टिळक रस्त्यावरची
काका, थांबा. तुमचं दुकान शोधलं. तीन ठिकाणी नोंद आहे. एकीवर मोबाइल बरोबर आहे, सात जण तिथूनच आले असणार. उरलेल्या दोन्हींवर लँडलाइनचा सात आकडी नंबर आहे. सुरुवातीचा २ नाही. पुण्यात तो २ लागून वीसेक वर्षं होऊन गेली.

पेटीवाला
तो नंबर वडिलांनी दिलेला. तेव्हा एक मुलगा फॉर्म घेऊन दारोदार फिरायचा. वडील गेले, मुलगाही परत आला नाही.

खडूस
म्हणजे वीस वर्षं दोन डिरेक्टऱ्यांतून एकही फोन नाही, आणि काकांच्या लक्षात आलं नाही. घ्या, धागाकर्तीचा मुद्दा सिद्ध.

पेटीवाला
किंवा वीस वर्षं लोक लावताहेत आणि लागत नाही. ताई, तो २ कोण लावून देतं? आणि पैसे किती घेतात?

टिळक रस्त्यावरची
मी लावते काका. पैसे नकोत. आमची पेटी आजीच्या वेळची आहे, भाता सुटलाय, तेवढी बघून द्या.

पेटीवाला
आणा. सोमवारी बंद असतं. वहीत 'लिस्टिंगवरून' लिहू की 'ओळखीतून'?